तीनचा फोटो

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मेहुणा. जिच्यामुळे बेतली ती माझी बायको. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाची मनधरणी करणार नाही. मला गोष्टी रचता येत नाहीत. आयुष्यभर लेथवर उभा राहिलो. साधा अर्ज लिहायचा तरी बायकोकडून तपासून घ्यायचो. आता तपासणारी नाही, तेव्हा चूकभूल पोटात घाला.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही. जे घडलं ते भर दुपारी, तीनला दोन मिनिटं कमी असताना.

रोज.

तसंही त्या कंट्रोल रूमला दुपार काय आणि रात्र काय. खिडकी एकही नाही. पांढरे दिवे, थंडगार हवा, आणि पंख्यांची घरघर. बाहेर सगळा केमिकलचा कारखाना पसरलेला. टाक्या, टॉवर, पाइपांचं जंगल. आत तीन टेबलं आणि प्रत्येकावर चार पडदे. बाहेरच्या प्रत्येक व्हॉल्व्हचा आत पडद्यावर एक चौकोन. त्याला ते लोक लूप म्हणतात. लूप ऑटोवर असला की सिस्टीम आपल्या अकलेने व्हॉल्व्ह उघडते, मिटते. मॅन्युअलवर घेतला की सिस्टीम हाताची घडी घालून बसते. मग पॅनलवरचा, म्हणजे त्या पडद्यांपुढचा, माणूस सांगेल तेवढंच.

पॅनलवरचा माणूस म्हणजे माझा मेहुणा. वय चौतीस, पण घरात सगळ्यात धाकटा म्हणून अजूनही बारकू.

आणि बाहेर पान्हा घेऊन फिरणारी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणजे माझी बायको. त्याची ताई.

दोघं एकाच शिफ्टला. वॉकीटॉकीवरची, म्हणजे सेटवरची, त्यांची भाषा ठरलेली. ताई बोलण्याआधी बटण दोनदा दाबायची. टक्-टक्. मग नंबर सांगायची.

"चारशे सात. मॅन्युअलला घेतलंस का?"

"घेतलं, ताई. कर तू बिनधास्त."

काम संपलं की पुन्हा टक्-टक्.

"झालं. ऑटोला टाक."

ती "झालं" म्हणाल्याशिवाय लूपला हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बहीणभावाचा होता.

आता तीनचा फोटो म्हणजे काय, ते सांगतो.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक बोर्ड आहे. किती लूप ऑटोवर आहेत, त्याचा टक्का तिथे दिसतो. वरच्या साहेबांना शंभर हवा. सिस्टीम दिवसातून एकदाच, बरोबर तीनला, तो आकडा टिपून वर पाठवते. म्हणून पॅनलवाल्यांनी शक्कल काढली होती. दोन अठ्ठावन्नला मॅन्युअलवरचे सगळे लूप एका झटक्यात ऑटोवर टाकायचे. तीनला आकडा गेला की परत मॅन्युअलवर. तीन मिनिटांचा खेळ. ह्याला ते म्हणायचे तीनचा फोटो.

"चला रे, केस विंचरा, फोटो आला!" बारकूचा जोडीदार रोज ओरडायचा. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो सगळ्यांना शिकवतो आणि स्वतः काही करत नाही.

त्या दिवशीही मास्तर ओरडला. बारकूच्या एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हाताने त्याने अकरा लूप निवडले आणि ऑटो दाबलं.

अकरात एक चारशे सात होता.

ताई त्या व्हॉल्व्हखाली बसली होती. वरच्या टाकीत उकळतं पाणी आणि कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा. पुढचा पाइप तुंबलेला, तो साफ करायला सोडवलेला. हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह दोन वर्षं जाम होता, म्हणून सगळा भरवसा पडद्यावरच्या एका चौकोनावर.

टाकी भरलेली होती. सिस्टीमने आपलं काम केलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

पुढचं मी लिहीत नाही.

चौकशी झाली. बारकूने जबाब दिला, "ताई सेटवर म्हणाली, झालं, ऑटोला टाक. म्हणून मी टाकलं." वॉकीटॉकीवरचं बोलणं कुठे साठत नाही. सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदींत, फक्त वेळ होती, लूपचा नंबर होता आणि बारकूचं नाव होतं. त्याच मिनिटाला आणखी दहा लूप ऑटोवर गेले, हेही लॉगमध्ये होतं. ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर फोटोचं बिंग फुटलं असतं आणि साहेबांपर्यंत सगळेच अडकले असते.

अहवालात आलं, मृत कर्मचाऱ्याने काम अपुरं असताना स्वतःच मंजुरी दिली.

तो कागद वाचून मी तिच्यावर चिडलो. मेलेल्या बायकोवर. म्हटलं, एवढी कसली घाई होती तुला?

बारकू माझ्या शेजारी बसून होता. एक शब्द बोलला नाही.

महिनाभराने तो कामावर परतला. पहिलाच दिवस. चारशे सातची टाकी रिकामी करून ठेवली होती. व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप. त्याला हलवणारी हवेची नळीसुद्धा काढून टाकलेली. लूप पडद्यावर होता, पण पलीकडे काहीच नव्हतं. बोर्डावर शंभर दिसावं म्हणून तोही ऑटोवर टाकलेला.

दोन अठ्ठावन्न.

मास्तर आज ओरडला नाही. लाज वाटली असावी. बारकूने गुपचूप लूप निवडले आणि ऑटो दाबलं.

आणि टेबलावरच्या सेटमधून आवाज आला...

टक्-टक्.

बारकूचा हात तिथेच थांबला. वाटलं, आता नंबर येईल.

नंबर आला नाही. नुसती खरखर.

"मास्तर, ऐकलंत?"

"काय?"

"कुणीतरी बटण दाबलं."

"दाबलं असेल खिशात. बस खाली, घाम पूस. एवढ्या गारव्यात घाम कसला रे?"

तीन वाजले. बोर्डावर आकडा आला. नव्याण्णव.

एक लूप मॅन्युअलवर होता. चारशे सात.

बारकूने तो ऑटोवर टाकला. चौकोन हिरवा झाला. त्याने श्वास सोडला आणि... चौकोन परत पिवळा. मॅन्युअल.

पुन्हा टाकला. पुन्हा पिवळा.

शिफ्टचे साहेब आत आले. "नव्याण्णव का? बोर्डाची शोभा घालवायची आहे का?"

"साहेब, चारशे सात आपोआप मॅन्युअलवर जातोय."

"आपोआप?" साहेबांनी वाकून लॉग उघडला. "हे बघ. दोन अठ्ठावन्न. चारशे सात मॅन्युअल. ऑपरेटर, तू. टेबल तीन."

"मी इथे टेबल एकवर बसलोय, साहेब!"

"मग भुताने केलं? लॉग खोटं बोलत नाही."

चौकशीतही साहेब हेच वाक्य बोलले होते. तेव्हा लॉगमधली वेळ जबाबाशी जुळली आणि त्या वाक्याने बारकू वाचला होता.

टेबल तीन कोपऱ्यातलं. इन्स्ट्रुमेंटच्या माणसांसाठी. ताई तिथेच बसायची. ती गेल्यापासून त्याचे पडदे बंद होते आणि खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली.

बारकूने मान वळवून पाहिलं...

खुर्ची खाली होती. सरळ. थोडी मागे सरकलेली. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दोन लूप मॅन्युअलवर गेले. तिसऱ्या दिवशी चार. मग आठ. वेळ तीच, टेबल तेच, नाव बारकूचं. आणि प्रत्येक वेळी आधी टक्-टक्.

त्याने पासवर्ड बदलला. तरी तेच.

दोन अठ्ठावन्नला तो मुद्दाम सिस्टीममधून बाहेर पडून हात वर करून उभा राहिला. मास्तर साक्षीला. तरी लॉगमध्ये त्याचंच नाव.

एकदा तर तो सुट्टीवर होता. घरी अंथरुणात. संध्याकाळी मास्तरचा फोन आला, आवाज खाली गेलेला.

"बारकू, आज सोळा गेले. तुझ्या नावाने."

"मी घरी आहे, मास्तर."

"ते मला माहीत आहे रे. साहेब म्हणतात, पासवर्ड कुणाला दिलास ते सांग."

त्याला नोटीस मिळाली. साहेबांनी कागद हातात देताना वर पाहिलंसुद्धा नाही. "खुलासा लिही. आणि आपोआप हा शब्द नको."

काय लिहिणार? जे केलं नाही ते त्याच्या नावावर चढत होतं आणि त्याच्या शब्दाला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण माणूस स्वतःपासून तोंड लपवण्यात फार हुशार असतो.

सिस्टीम इंजिनिअर आली. हातात लॅपटॉप, तोंडात बोलणं कमी. दोन तास तपासून तिने टेबल तीनची केबलच उपटली. वीज काढली, नेटवर्क काढलं. केबलचं टोक बारकूच्या हातात दिलं.

"धरून बसा. आता टेबल तीन सिस्टीममध्ये नाहीच."

मग तिने सहज कीबोर्ड उचलला आणि चटकन खाली ठेवला. बोटं एकमेकांवर चोळली.

"हे काय सांडलंय? बुळबुळीत आहे. साबणासारखं."

बारकूने पुढे होऊन हात लावला. बटणं कोमट होती. ओली.

कॉस्टिक कातडीला लागलं की आधी असंच लागतं. साबणासारखं. आग नंतर होते.

"हात धुवा, मॅडम," बारकू म्हणाला. "लगेच. भरपूर पाण्याने."

ती नळाकडे पळाली. बारकूने घड्याळ पाहिलं.

दोन सत्तावन्न.

खोलीतली घरघर थांबली.

पंखे फिरत होते. आवाज मात्र नव्हता. मास्तर काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते.

आणि मग...

टक्-टक्.

पडद्यावरचे चौकोन पिवळे होऊ लागले. एक. चार. वीस. एक पडदा भरला की दुसरा. बोर्डावरचा आकडा घसरत चालला. ऐंशी. पन्नास. बारा.

शून्य.

बाहेरचा प्रत्येक व्हॉल्व्ह होता तिथे थिजला. आवाज परत आला तो एकदम, सगळे अलार्म मिळून. मास्तर किंचाळत होता, "बॉयलरचं प्रेशर चढतंय! टॉवर भरतोय! अरे, ऑटोला टाक काहीतरी! बाहेर पंधरा माणसं आहेत!"

बारकू बटणं दाबत होता. सिस्टीम ढिम्म. लॉगच्या ओळी वर सरकत होत्या, आणि प्रत्येक ओळीत त्याचं नाव. त्याचं नाव. त्याचं नाव. टेबल तीन. टेबल तीन.

टेबल तीनची केबल त्याच्या पायाशी पडली होती.

सेटवर खरखर झाली. मग आवाज. शांत. कामातला.

"चारशे सात. मॅन्युअलला घेतलंस का?"

मास्तरने ऐकलं.  तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

"चारशे सात," पुन्हा आवाज. "मॅन्युअलला घेतलंस का?"

बारकू दोन पावलं मागे सरकला.

तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. उत्तर आलं. त्याच सेटमधून.

"घेतलं, ताई. कर तू बिनधास्त."

तो बारकूचा आवाज होता.

बारकूचे ओठ मिटलेले होते. सेट टेबलावर होता, त्याच्यापासून चार हात लांब. आणि त्या आवाजामागे, अगदी हळू, चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

सगळ्या पिवळ्या चौकोनांत एक हिरवा झाला. चारशे सात. ऑटो.

पाठोपाठ बारकूचे तळवे पेटले. त्याने हात वर केले तर कातडी लाल होत होती. त्याच्या डोळ्यांदेखत फोड उठत होते.

त्याने पुढे होऊन एका मनगटाने सेट टेबलावर दाबून धरला, दुसऱ्या कोपराने बटण दाबलं आणि बोंब मारली. सगळ्या प्लांटभर, सगळ्या सेटवर.

"ती झालं म्हणाली नव्हती! ताई काही म्हणाली नव्हती! मी फोटोसाठी टाकलं! मी खोटं बोललो!"

अलार्म वाजत राहिले.

मग एक चौकोन हिरवा झाला. दुसरा. पडदा. दोन पडदे. प्रेशर खाली आलं. आकडा चढत गेला. नव्वद. पंच्याण्णव. नव्याण्णव.

तिथेच थांबला. चारशे सात परत पिवळा होता.

लोक टाकीकडे धावले. टाकी कोरडी ठणठणीत. साखळी जागेवर, कुलूप जागेवर. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा.

खालच्या गटारातून वाफ येत होती.

त्याच संध्याकाळी बारकू माझ्या दारात उभा राहिला. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या.

"भावोजी, आत येऊ?"

 त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेच, तेवढंच. सांगताना लहान पोरासारखं त्याचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात नव्हते. मी दार लावलं नाही. पण ये असंही म्हणालो नाही.

"भावोजी, मला मारा. शिव्या द्या. काहीतरी करा."

"जेवून घे कुठेतरी," एवढंच मी म्हणालो.

चौकशी पुन्हा झाली. बारकूने सगळं लिहून दिलं. त्याची नोकरी गेली, साहेबांचीही गेली. भिंतीवरचा तो बोर्ड उतरवला. नवा अहवाल माझ्या हातात दिला. त्यात तिची चूक नव्हती.

त्याबरोबर तिच्या वस्तू दिल्या. हेल्मेट, पिशवीसकट जेवणाचा डबा, पान्ह्यांची पिशवी आणि तिची वॉकीटॉकी. बॅटरी काढलेली. बॅटरी कारखान्याची असते, परत द्यावी लागते. सेट मी फळीवर ठेवला, तिच्या चष्म्याशेजारी.

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होतो.

टक्-टक्.

मागच्या फळीवरून.

माझ्या हातातलं भांडं निसटलं. तेव्हापासून रोज. दोन अठ्ठावन्न. मी सेट उघडून पाहिला. आत बॅटरीची जागा रिकामी, बोट जाईल एवढी पोकळी.

बारकूने तर सगळं कबूल केलं. मग हिला आता काय हवंय? आणि त्याच्या घरी नाही, माझ्या घरी का?

चार दिवस मी हेच विचारत राहिलो. खरं तर मला माहीत होतं.

जायच्या आठवडाभर आधी ती रात्री जेवताना म्हणाली होती, "तो हाताचा व्हॉल्व्ह दोन वर्षं जाम आहे. वर हे लोक तीनला फोटोसाठी सगळं ऑटोवर टाकतात. एक दिवस कुणीतरी मरेल. मी लेखी तक्रार देते. तुम्ही वाचून बघता का, बरोबर लिहिलंय का?"

तिने कागद माझ्यापुढे ठेवला. पहिल्यांदाच. एरवी माझं लिहिलेलं ती तपासायची.

मी वाचला नाही. म्हणालो, "कशाला वाईटपणा घेतेस? पॅनलवर तुझाच भाऊ आहे. त्याची नोकरी जाईल."

तिने कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

परवा मी तिच्या डब्याची पिशवी उघडली. आत कागद आहे. घडी पक्की आहे. कागद ओला आहे, महिने झाले तरी, आणि बोटांना साबणासारखा लागतो.

म्हणून हे सगळं लिहिलं. कारखान्यातल्या कुणाला हे माहीत नाही. बारकूलाही नाही. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, मी निदान इथे सांगावं.

काल दुपारी लिहून झालं. मी सेट हातात घेऊन बसलो. दोन अठ्ठावन्न.

टक्-टक्.

मी बटण दाबलं. "सांगितलं गं सगळं," म्हटलं. "माझंही सांगितलं. आता म्हण ना झालं."

खरखर.

बराच वेळ खरखर.

मग उत्तर आलं. तिचं नव्हतं. माझाच आवाज होता, तोंडात घास असताना बोलतो तसा.

"कशाला वाईटपणा घेतेस?"

आणि ताट पुढे सरकवल्याचा आवाज.

आज सकाळपासून माझे तळवे बुळबुळीत लागतायत. तीनदा धुतले.

आग अजून होत नाही.